ऐकून घेतल्यावाचून दोषी ठरवू नका

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 22:24-29 व 25:16, योहान 7:50, 51



पौल प्रेषितास लोकांनी यरुशलेमेच्या मंदिरातून ओढून बाहेर काढिले होते. जमाव खवळला होता. रोमी सरदाराने शिपाई आणून त्यास सोडविले व गढीत नेले. ह्या मनुष्याने केले तरी काय, हे त्या गलबल्यात सरदारास काही केल्या कळेना. तेव्हा त्याने सर्व काळच्या अधिकाऱ्यांस सोपा वाटणारा मार्ग धरिला. त्याने आज्ञा केली की, ह्यास आत नेऊन चाबकाने फोडा, म्हणजे ह्याच्याच तोंडून सर्व काही बाहेर पडेल.

शिपाई पौलास वाद्यांनी ताणून बांधीत होते, इतक्यात त्याने जवळ उभ्या असलेल्या शताधिपतीस एक प्रश्न केला. जो रोमी नागरिक आहे, आणि ज्याचा अजून न्यायही झालेला नाही, अशाच्या पाठीवर चाबूक ओढण्याची मोकळीक कायदा तुम्हांस देतो काय, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. तो ऐकताच शताधिपती थबकला. सरदारास कळले तेव्हा तोही भ्याला, आणि ज्या हातांनी वाद्या आवळल्या होत्या त्याच हातांनी त्या सोडिल्या.

वाचकहो, हा तोच पौल होय, ज्याने ख्रिस्तासाठी फटके, तुरुंग व धोंडमार सोसली, आणि ती सोसल्याचा अभिमान बाळगिला. मग ह्या वेळी त्याने कायद्याचा आश्रय का घेतला? आमच्या खेड्यांतील कित्येक भाविक म्हणतात की, ख्रिस्ती मनुष्याने मुकाट्याने सोसावे. कोर्ट, वकील व हक्क ह्या गोष्टी जगाच्या होत. ह्या म्हणण्यात नम्रता आहे खरी, परंतु शास्त्राचे पूर्ण ज्ञान नाही. फिलिप्पै शहरात पौल व सीला ह्यांस चौकशीवाचून फटके मारून कैदेत घातले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जा असे सांगितले. तेव्हा पौल जाण्यास कबूल झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावे, असे त्याने कळविले (प्रे. कृ. 16:37). त्याची पाठ तर आधीच सोलून निघाली होती; ह्या आग्रहाने ती बरी होणार नव्हती. परंतु त्या शहरात लुदिया व तुरुंगाचा नायक ह्यांच्या घरची नवी मंडळी मागे राहावयाची होती. उद्या तिच्यावर कोणी असाच हात टाकू नये, ह्यास्तव तो अडून बसला असे आम्हांस वाटते. स्वतःसाठी सोसणे हा ख्रिस्ती गुण आहे. परंतु शेजाऱ्यास विनाचौकशी सोसावयास लावून आपण पाहत राहणे, ह्यास शास्त्रात कोठेही गुण म्हटलेले नाही.

आता ह्या विषयाचा आपण तीन प्रकारे विचार करू.

पहिले, देवाची रीत पाहा. देव सर्वज्ञ आहे. त्यास साक्षीदाराची गरज नाही. तरी एदेन बागेत त्याने आदामास व हव्वेस आधी प्रश्न केले, त्यांचे उत्तर ऐकिले, आणि मग न्याय सांगितला. काइनासही त्याने तसेच विचारले. सदोमाविषयी ओरड त्याच्या कानी आली, तेव्हा आपण खाली जाऊन ती खरी की खोटी हे पाहू, असे तो बोलला (उत्पत्ती 18:21). ज्यास सर्व ठाऊक आहे तो जर पाहिल्यावाचून दंड देत नाही, तर ज्यांस काहीच ठाऊक नाही अशा आपण चावडीवर बसून कोणास चोर म्हणावे काय?

मोशेच्या नियमशास्त्रात तर हे स्पष्टच सांगितले आहे. एका साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणास अपराधी ठरवू नये, दोन किंवा तीन असावेत. न्यायाधीशांनी कसून तपास करावा. आणि साक्ष खोटी निघाल्यास आरोपीवर जो दंड यावयाचा होता तो त्या साक्षीदारावर यावा (अनुवाद 19:15-19). नीतिसूत्रकार सांगतो की, पहिला बोलणारा नेहमी खराच वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत (18:17). निकदेम भित्रा होता, रात्री येणारा होता. तरी परूश्यांच्या सभेत तो एवढे बोललाच की, मनुष्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आपले शास्त्र त्याचा न्याय करीत नाही. आणि फेस्त सुभेदार मूर्तिपूजक असूनही म्हणाला की, आरोपीस वादींच्या समोर उभे करून प्रत्युत्तराची संधी दिल्यावाचून त्यास शिक्षेसाठी हवाली करणे ही रोमी लोकांची रीत नव्हे. जी गोष्ट परराष्ट्रीयासही कळली ती देवाच्या लोकांस कळू नये काय?

दुसरे, आपल्या देशाचा कायदा पाहा. पौलाचा हक्क तो रोमी नागरिक होता म्हणून होता. त्याच गढीत एखादा दास बांधलेला असता तर त्याचे कोणी ऐकिले नसते. परंतु 26 जानेवारी 1950 पासून जे भारताचे संविधान चालू आहे, त्याने आरोपीचे मुख्य हक्क केवळ नागरिकास नव्हे तर प्रत्येक व्यक्तीस दिले आहेत, मग ती श्रीमंत असो की पालात राहणारी.

विसावे कलम तीन गोष्टी सांगते. जे कृत्य करण्याच्या वेळी गुन्हा नव्हते, त्याबद्दल शिक्षा होऊ शकत नाही. एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा खटला भरून शिक्षा देता येत नाही. आणि आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडिता येत नाही. एकविसावे कलम सांगते की, कायद्याने ठरविलेल्या पद्धतीवाचून कोणाचा जीव अथवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. बाविसावे कलम सांगते की, अटक केलेल्यास अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर कळवावे. त्यास आपल्या पसंतीचा वकील करू द्यावा. आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. निवारक स्थानबद्धतेच्या कायद्याची गोष्ट तेवढी निराळी आहे. हे बाविसावे कलम प्रथम मसुद्यात नव्हते. एकविसाव्या कलमाने मिळणारे संरक्षण अपुरे आहे अशी टीका झाली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी 1949 च्या सप्टेंबर महिन्यात ते संविधान सभेपुढे मांडिले. त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यातून सुटून एकच वर्ष झाले होते. मनमानी धरपकड म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांस कोणी शिकवावयास नको होते.

पुढे ह्या कलमांच्या आधारे न्यायालयांनी व लोकसभेने आणखी तटबंदी उभारिली. डी. के. बसू ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी अटकेचे नियम घालून दिले: पोलिसांच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेचा कागद साक्षीदारासमोर लिहावा, नातलगास खबर द्यावी, वैद्यकीय तपासणी व्हावी. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता चालू आहे तिच्यातही हे नियम आले आहेत. त्या संहितेप्रमाणे स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करिता येत नाही; अपवादात्मक कारण असल्यास महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले व साठ वर्षांवरील पुरुष ह्यांस साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलाविता येत नाही. त्यांच्या राहत्या घरीच जाऊन विचारावे लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध शाबीत करिता येत नाही. आणि 2025 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत.

कोणी म्हणेल, वकिलास पैसे कोठून आणावे? त्याचेही उत्तर आहे. संविधानाच्या 39-अ कलमाने मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व घातले, आणि 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाने ती मदत देण्याची व्यवस्था केली. स्त्रिया, बालके व कोठडीत असलेली व्यक्ती ह्यांस उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. आमच्या काही बांधवांस भीती वाटते की, आपण ख्रिस्ती झालो म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, तशी हीही गेली असेल. तसे नाही. जो कोठडीत आहे त्यास त्याच्या धर्माविषयी वा जातीविषयी न विचारता वकील मिळतो. धाराशिव येथे जिल्हा विधिसेवा प्राधिकरण आहे, आणि 15100 ह्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्ग सांगण्यात येतो.

तिसरे, ही तटबंदी मोडिली असता काय होते ते पाहा. ह्याच महाराष्ट्रात, 5 जून 2003 च्या रात्री शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. माणसे ठार झाली, स्त्रियांवर अत्याचार झाला. अपराध इतका भयंकर होता की, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. सहा जणांस धरण्यात आले. ते भटक्या जमातीचे, गरीब मजूर होते. 2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशी ठरविली. नंतर असे उघडकीस आले की, त्यांतील एकजण त्या वेळी अजाण वयाचा होता. आणि ह्याहून मोठी गोष्ट ही की, घटनेनंतर दोनच दिवसांनी एका जखमी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चौघांस ओळखिले होते. त्या चौघांवर खटलाच भरण्यात आला नाही. शेवटी 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला पूर्वीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांस निर्दोष सोडिले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारास सांगितले, आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाईचा हुकूम दिला. आरोपी भटक्या जमातीतील अत्यंत गरीब मजूर आहेत, तेव्हा त्यांस खोटे गोविले गेले असण्याचा संभव नाकारिता येत नाही, असे न्यायमूर्तींनी निकालात नमूद केले.

बंधूंनो, सोळा वर्षे! त्यांपैकी बहुतेक फासाच्या सावलीत. आणि ज्या घरातील माणसे मारिली गेली, त्या घरास तरी न्याय मिळाला काय? ज्यांच्याकडे साक्षीदाराने बोट दाखविले त्यांची चौकशीच राहून गेली. म्हणून जे म्हणतात की आरोपीचे हक्क म्हणजे गुन्हेगारास पाठीशी घालणे, त्यांनी ह्या खटल्याकडे पाहावे. आरोपीचा हक्क पायदळी तुडविला जातो तेव्हा खरा गुन्हेगार सुटतो, आणि रडणाऱ्या घराचे रडणे तसेच राहते.

आता हे सहा जणच का सापडले? ह्याचे मूळ जुने आहे. इंग्रज सरकारने 1871 साली एक कायदा करून सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. मूल जन्मास आले की ते चोर! हजेरी लावावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, तारेच्या कुंपणात राहावयाचे. आपल्या शेजारी सोलापुरास अशी वसाहत होती. आणि आम्हांस लज्जेने लिहावे लागते की, ती वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली चालली. तेथे शाळा झाल्या, उद्योग शिकविले, औषधपाणी झाले, हे खरे. त्या सेवकांच्या प्रीतीविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्या मनुष्याचा कोणी न्यायच केला नव्हता त्याच्या कुंपणाची किल्ली मंडळीने हाती घ्यावी, हे पौलाच्या प्रश्नाशी जुळते काय? 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला, परंतु पाटलाच्या, पोलिसांच्या आणि आपल्याही मनावरून तो पुसला गेला नाही.

आपल्याही मनावरून, असे आम्ही जाणूनबुजून लिहितो. ह्या उपदेशाचा पहिला अपराधी आम्हीच आहो.

काही वर्षांमागे बालाघाटच्या डोंगराकडील आमच्या एका खेड्यात, सुगीच्या दिवसांत, खळ्यावरून सोयाबीनची पोती नाहीशी झाली. गावाबाहेर पारध्यांची तीन पाले होती. त्यांतील एक तरुण आपल्या बायकोसह दोन पावसाळे आमच्या उपासनेस येत असे. आत या म्हटले तरी दाराजवळच बसे. त्या रात्री पोलिसांनी त्यास पालातून उचलून नेले. सकाळी त्याची बायको तान्हे लेकरू कडेवर घेऊन उपदेशकाच्या दारी आली, आणि उपदेशकाने आम्हांस कळविले. आम्ही पहिला प्रश्न काय केला? "पोती त्याने नेली असतील काय?" उपदेशक म्हणाला, "पाळकसाहेब, ते मला ठाऊक नाही. पण तो कोठे आहे, हे तिला ठाऊक नाही."

त्या उत्तराचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला नाही. आम्ही मंडळीच्या नावाचा विचार केला, गावकऱ्यांच्या रोषाचा विचार केला, आणि थांबलो. तिसऱ्या दिवशी मन खाऊ लागले म्हणून गेलो. विधिसेवेची एक वकीलबाई सोबत आली. तिने ठाण्यात आवाज चढविला नाही. एवढेच विचारिले की, ह्याच्या अटकेची वेळ कोणती लिहिली आहे? कोठेच लिहिलेली नव्हती. त्याच संध्याकाळी तो सुटला. पाय ओढीत तो आमच्या पुढून गेला. त्याने आमच्याकडे पाहिले, पण काही बोलला नाही. पुढल्या रविवारी ती दोघे आली नाहीत. महिन्याभरात पाले उठली. दाराजवळची ती जागा आजही रिकामी आहे.

पोती त्याने नेली होती की नाही, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. परंतु ते ठरविणे आमचे काम नव्हते. आमचे काम त्या दुसऱ्या प्रश्नाचे होते: आपला बंधू कोठे आहे? हाच प्रश्न देवाने काइनास केला होता, आणि काइनाने जे उत्तर दिले त्याहून आमचे उत्तर फार निराळे नव्हते.

म्हणून प्रिय उपदेशकांनो व मंडळीच्या वडिलांनो, आमच्या चुकीतून शिका. कोणी धरला गेला असे कळताच वेळ लिहून ठेवा, कारण चोवीस तास तेव्हापासून मोजावयाचे असतात. एकट्याने जाऊ नका. दोघेतिघे मिळून नम्रपणे जा, आणि तो कोणत्या ठाण्यात आहे, कोणत्या कारणासाठी धरला आहे, त्याच्या घरी खबर दिली काय, हे विचारा. विधिसेवा प्राधिकरणास लगेच कळवा. मधल्या दलालाच्या हाती पैसे देऊ नका. न्यायाधीशापुढे उभा राहील तेव्हा त्यास मारहाण झाली असल्यास त्याने न भिता सांगावे, हे त्यास समजावून सांगा. त्याच्या बायकोलेकरांकडे पाठ फिरवू नका. आरोप त्याच्यावर आहे, त्यांच्यावर नाही. आणि पोलिसांचा द्वेष करू नका. तेही अपुऱ्या माणसांनिशी व वरच्या तगाद्याखाली काम करितात. त्यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करा. जो शिपाई कायद्याप्रमाणे वागतो त्यास उघडपणे शाबासकी द्या.

येथे एक शंका येईल. शास्त्र तर पाप पदरी घ्यावयास सांगते. मग आरोपीने गप्प राहण्याचा हक्क कसा बरा? उत्तर हे की, पश्चात्ताप मोकळ्या मनातून येतो. चाबकाने काढलेली कबुली देवापुढेही कबुली नव्हे आणि न्यायालयापुढेही नव्हे. ज्याने खरोखर अपराध केला असेल त्यास आपण सत्य बोलावयास उत्तेजन द्यावे, नुकसान भरून द्यावयास सांगावे, जक्कयाचे उदाहरण दाखवावे. खोटी साक्ष तर आपल्या सख्ख्या भावासाठीही देऊ नये. परंतु सत्य बोलविण्यासाठी मारणे, हा मार्ग प्रभूचा नव्हे.

कारण प्रभू स्वतः आरोपी होता, हे आपण विसरू नये. त्यास रात्री धरिले. खोटे साक्षीदार आणिले, आणि त्यांची साक्ष एकमेकांशी जुळेना. प्रमुख याजकाने त्याच्या शिक्षणाविषयी विचारिले, तेव्हा ज्यांनी माझे ऐकिले त्या साक्षीदारांस विचारा, असे त्याने सांगितले. आणि कामदाराने चापट मारिली, तेव्हा माझे बोलणे वाईट असल्यास तसे शाबीत कर, नाहीतर मारतोस का, असे विचारिले (योहान 18:19-23). पिलाताने त्याच्या ठायी दोष नाही असे पुन्हा पुन्हा म्हटले, आणि तरी जमावाच्या आरोळीस भिऊन त्यास वधस्तंभावर दिले. जेथे जेथे कोणी चौकशीवाचून मारिला जातो, तेथे तेथे ख्रिस्ती मनुष्यास गब्बाथाचा तो ओटा आठवला पाहिजे.

आणि आपली गोष्ट तर ह्याहून विलक्षण आहे. आपण खरोखर दोषी होतो; साक्ष पुरी होती; तरी पित्याजवळ आपल्यासाठी एक कैवारी उभा राहिला, येशू ख्रिस्त जो नीतिमान (1 योहान 2:1). ज्यास असा वकील फुकट मिळाला, त्याने शेजाऱ्यासाठी ठाण्याच्या पायरीपर्यंत जाण्यास मागेपुढे पाहावे काय? बंदिवानांची आठवण ठेवा, जणू त्यांच्याबरोबर आपणही बांधलेले आहो, असा बोध इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. येत्या रविवारी प्रत्येक मंडळीने तो अध्याय वाचावा, आणि दाराजवळ एक जागा मोकळी सोडावी.

हे न्यायी व दयाळू पित्या, आमच्या त्वरेने केलेल्या निवाड्यांची आम्हांस क्षमा कर. जे ह्या रात्री कोठडीत आहेत त्यांस सांभाळ. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांस तुझे भय दे. ज्यांची माणसे मारिली गेली त्यांस खरा न्याय दे. आणि जे आमच्या दारापासून परत गेले त्यांस पुन्हा आमच्याकडे आण. आमच्या प्रभूच्या नावाने हे मागतो. आमेन.